वर्दी न घालता संरक्षण खात्यात वरपर्यंत कसं पोचायचं

भाची बारावीला आहे. परवा जेवताना म्हणाली, मामा मला डिफेन्समध्ये जायचंय पण डोळ्यांचा नंबर सहाच्या वर गेलाय, एनडीएचं काही जमायचं नाही, मग हा विषय सोडून देऊ का? मी म्हटलं अगं वर्दी नाही म्हणजे डिफेन्स संपलं असं कुणी सांगितलं तुला. तिथून जे बोलणं सुरू झालं ते रात्री बारापर्यंत चाललं आणि तेच सगळं आता इथं लिहून काढतोय, कारण गेली पंधरा वर्षं मी सदाशिव पेठेत युपीएससीच्या पोरांचे मॉक इंटरव्ह्यू घेतो आणि दर वर्षी तेच बघतो, संरक्षण मंत्रालयात सिव्हिलियन अधिकारी नक्की काय करतात हे आपल्या हुशार पोरांनासुद्धा माहीत नसतं. आणि हे पुण्यात! जिथं चार पावलांवर कुठलं ना कुठलं डिफेन्सचं ऑफिस आहे.

माझं या विषयाशी नातं घरचं आहे. वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत कामगार होते, 1869 सालची फॅक्टरी ती, सकाळच्या भोंग्यावर आमच्या चाळीची घड्याळं लागायची. लहानपणी मला वाटायचं गोळ्या बनतात म्हणजे आत सगळे मिलिटरीवाले असणार, पण फॅक्टरीचे सगळ्यात मोठे साहेब साध्या शर्टपँटमध्ये यायचे. वडील म्हणायचे, अरे हे युपीएससीतून आलेत, लढत नाहीत पण यांच्या सहीशिवाय इथून गोळी बाहेर पडत नाही. ते डोक्यात बसलं ते बसलंच.

तर आधी घर कसं आहे ते समजून घ्या. संरक्षण मंत्रालय म्हणजे एक खातं नाही, पाच विभाग आहेत. डिफेन्स, म्हणजे धोरण, बजेट आणि मोठी खरेदी. डिफेन्स प्रॉडक्शन, म्हणजे कारखाने आणि सरकारी कंपन्या. संशोधन, म्हणजे डीआरडीओ. माजी सैनिक कल्याण. आणि पाचवा मिलिटरी अफेअर्स, जो 1 जानेवारी 2020 ला पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, म्हणजे तिन्ही दलांचा समन्वय बघणारे अधिकारी, पदावर आले तेव्हा झाला आणि तिथं प्रमुखच वर्दीतले असतात. या सगळ्यांत समन्वय ठेवणारा सगळ्यात वरचा सिव्हिलियन अधिकारी म्हणजे डिफेन्स सेक्रेटरी, संरक्षण सचिव. तो सैन्याला लढाईचे हुकूम देत नाही, हा गैरसमज पहिला काढा. तो मंत्र्यांना सल्ला देतो, पैसा मागतो, पैसा खर्च होतोय का बघतो आणि संसदीय समितीपुढं बसून त्याचा जाब देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं गणित, वयाचं. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. डिफेन्स सेक्रेटरी हे पद आयएएसकडं असतं आणि तिथं पोचायला साधारण 34-35 वर्षं लागतात. खरी नावं घेऊन बघा. संजय मित्रा 1982 च्या बॅचचे, 2017 ला झाले. अजय कुमार 1985 च्या बॅचचे, 2019 ला झाले. गिरिधर अरमाने 1988 चे, 2022 ला. राजेश कुमार सिंग 1989 चे, 2024 ला. रिटायरमेंट साठीला. या पदाला दोन वर्षांची ठरलेली मुदत असते त्यामुळं एकोणसाठाव्या वर्षी नेमणूक झाली तर साठीच्या पुढंही थोडं जाता येतं, पण तरी हिशोब करा, साठातून चौतीस वजा केले की सव्वीस उरतात. म्हणजे ज्याला हे एकच पद डोळ्यांपुढं ठेवायचंय त्यानं पंचविशीच्या आसपास आयएएस लागलेलं असलं पाहिजे. ओपनसाठी परीक्षेचं वय 32 पर्यंत आहे, सहा अटेम्प्ट आहेत, ओबीसीला 35 आणि नऊ, एससी एसटीला 37, पण परीक्षा देता येणं वेगळं आणि सगळ्यात वरच्या खुर्चीपर्यंत वर्षं पुरणं वेगळं. तिसाव्या वर्षी लागलेला माणूस उत्तम अधिकारी होतो, जॉइंट सेक्रेटरी, ॲडिशनल सेक्रेटरी होतो, पण या एका खुर्चीला बहुतेक वेळा वर्षं कमी पडतात.

आणि याच नावांकडं अजून एकदा नीट बघा. मित्रा आणि अरमाने दोघंही त्याआधी रस्ते वाहतूक खात्याचे सचिव होते, राजेश कुमार सिंग उद्योग खात्यातून आले, अजय कुमार इलेक्ट्रॉनिक्स बघून मग डिफेन्स प्रॉडक्शनला आले आणि तिथून संरक्षण सचिव झाले. म्हणजे आयुष्यभर डिफेन्समध्ये राहिलेला माणूस डिफेन्स सेक्रेटरी होतो असं नाहीये. ज्यानं मोठी कंत्राटं हाताळलीत, जमीन संपादन केलंय, हजारो कोटींचे प्रकल्प वेळेत काढलेत, राज्य चालवलंय, असा माणूस तिथं बसवतात. त्यामुळं भाचीला मी सरळ सांगितलं की एका खुर्चीचा ध्यास घेऊ नकोस, ती खुर्ची शेवटी सरकार ठरवतं, पण संरक्षणातली वरच्या दर्जाची सिव्हिलियन नोकरी हा बराच रुंद रस्ता आहे आणि त्याला दरवाजे अनेक आहेत.

दरवाजा पहिला अर्थातच आयएएस, त्याबद्दल सगळे बोलतात म्हणून मी कमी बोलतो. केडर, म्हणजे नेमून दिलेलं राज्य मिळतं, राज्यात प्रांत, झेडपी, कलेक्टर असं करत जायचं आणि मग केंद्रात डेप्युटेशन. साधारण नऊ वर्षांनी डेप्युटी सेक्रेटरी, चौदाला डायरेक्टर, पुढं जॉइंट सेक्रेटरीसाठी एम्पॅनलमेंट, म्हणजे पात्र अधिकाऱ्यांच्या यादीत नाव. इथं एक खाच आहे, 2007 च्या बॅचपासून पुढच्या लोकांना जॉइंट सेक्रेटरीच्या यादीत यायचं तर त्याआधी डेप्युटी सेक्रेटरी किंवा डायरेक्टर म्हणून किमान दोन वर्षं केंद्रात काढलेली असायला लागतात. आपल्याकडचे बरेच अधिकारी महाराष्ट्र सोडायलाच तयार नसतात, मुलांची शाळा, आईवडील, सगळं खरं आहे, पण मग दिल्लीचा दरवाजा उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही. ज्यांना संरक्षणात काम करायचंय त्यांनी डायरेक्टर लेव्हललाच संरक्षण मंत्रालयाची इच्छा कळवावी. तिथल्या एका डायरेक्टरच्या टेबलावर जे शिकायला मिळतं ते नंतर वर जाऊन शिकता येत नाही, तेव्हा वेळच नसतो.

दरवाजा दुसरा, आणि यावर मी थांबणार आहे कारण हा माझ्या मनाजवळचा आहे, आयडीएएस. इंडियन डिफेन्स अकाउंट्स सर्व्हिस. त्याच युपीएससीतून, थोड्या खालच्या रँकला मिळते, आणि पोरं हिला प्रेफरन्समध्ये कुठंतरी बाराव्या-पंधराव्या नंबरला न बघता टाकतात. माझा रूममेट असाच. आम्ही दोघं सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चार वर्षं होतो, मी दोनदा इंटरव्ह्यूपर्यंत जाऊन परत आलो, तो तिसऱ्या वेळी लिस्टमध्ये आला आणि त्याला ही सर्व्हिस लागली. रात्रभर रडला तो. म्हणाला अकाउंटंट व्हायला अभ्यास केला का मी. आणि आज तोच मला म्हणतो की देवानं माझा फॉर्म भरला.

कारण काय आहे बघा. आपल्या देशाचं 2025-26 चं संरक्षण बजेट 6.81 लाख कोटी रुपये. त्यात 1.80 लाख कोटी नवीन विमानं, जहाजं, तोफा वगैरे भांडवली खर्चाला, 1.60 लाख कोटींच्या वर नुसतं पेन्शन. यातला रुपया कुठंही गेला तरी डिफेन्स अकाउंट्सच्या टेबलावरून जातो. लष्कराच्या अधिकाऱ्यांचा पगार कुठून निघतो माहितीये का, पुण्याच्या गोळीबार मैदानावरच्या ऑफिसातून. सियाचीनमध्ये असलेल्या कॅप्टनचा पगार, ईशान्येतल्या कर्नलचा प्रवासभत्ता, सगळं इथून. आपण रोज त्या सिग्नलला उभे राहतो आणि माहीत नसतं. नौदलाचा हिशोब मुंबईत, पेन्शनचा प्रयागराजला, आणि या सर्व्हिसची ट्रेनिंगची अकादमीसुद्धा पुण्यातच. तीस लाखांहून जास्त डिफेन्स पेन्शनरांचं काम आता स्पर्श नावाच्या सिस्टीमवर आलंय, तीही हेच खातं चालवतं.

आणि नुसतं बिल पास करणं हे काम नाही. या सर्व्हिसचे लोक इंटिग्रेटेड फायनान्शियल ॲडव्हायजर असतात, सगळे त्यांना आयएफए म्हणतात. समजा एका कमांडला गाड्यांचे सुटे भाग घ्यायचेत, तर जनरलसाहेबांना खर्चाचे अधिकार आहेत, ते सीएफए, म्हणजे खर्च मंजूर करणारे अधिकारी, पण ठरावीक रकमेच्या वर आयएफएचा कन्करन्स, म्हणजे संमती लागते. तिथं हा पस्तिशीतला सिव्हिलियन अधिकारी विचारतो की मागच्या वर्षी हेच किती रुपयांना घेतलं, एवढे नग का, स्टॉकमध्ये किती आहेत, एकाच कंपनीकडून का. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण विचारायची पद्धत चुकली की संपलं. आणि प्रश्न एकदम विचारायचे, आज एक परवा दुसरा असं करत फाईल सहा वेळा परत पाठवायची नाही. रूममेटचं स्वतःचं सांगणं आहे की सुरुवातीला मी हुशारी दाखवायला क्वेरी काढायचो, मग एकदा सीमेजवळच्या भागात जाऊन आलो, तिथं एका सुभेदारांनी फाटके ग्लोव्हज दाखवले आणि तारीख विचारली की मागणी कधी गेली होती. त्या दिवसापासून तो प्रत्येक फाईलवर आधी मागणीची तारीख बघतो, मग रक्कम.

ही सर्व्हिस वर कुठपर्यंत जाते? कंट्रोलर जनरल ऑफ डिफेन्स अकाउंट्स, सीजीडीए, ही सेक्रेटरीच्या पगाराची पोस्ट आहे. मंत्रालयात सेक्रेटरी डिफेन्स फायनान्स ही पोस्ट आहे, तीही आयडीएएसच्या अधिकाऱ्यांना मिळालेली आहे. म्हणजे संरक्षण मंत्रालयात सचिव म्हणून बसायला आयएएसच पाहिजे असं नाही.

तिसरा, डिफेन्स इस्टेट्स, आयडीईएस. देशात सतरा लाख एकरांच्या वर डिफेन्सची जमीन आहे आणि तिचा सातबारा सांभाळणारी ही सर्व्हिस असं सोप्या भाषेत म्हणू. शिवाय कॅन्टोन्मेंट बोर्डाचा सीईओ याच सर्व्हिसचा. महाराष्ट्रात सात कॅन्टोन्मेंट आहेत, पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी आणि छत्रपती संभाजीनगर. कोवळ्या वयात अख्खं गाव चालवायला मिळतं, पाणी, शाळा, दवाखाना, अतिक्रमण, आणि बोर्डाचे अध्यक्ष स्टेशन कमांडर, म्हणजे वर्दी आणि सिव्हिल यांच्यात राहून काम करायची सवय पहिल्या दिवसापासून लागते. सिव्हिल भाग जवळच्या पालिकेत घालायची प्रक्रिया चालू आहे त्यामुळं या नोकरीचं रूप बदलेल, पण जमीन कुठं जात नाहीये.

बाकीचे दरवाजे पटकन सांगतो. इंजिनिअर असाल तर युपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा, तिथून मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, बॉर्डर रोड्स, नौदलाची काही सिव्हिलियन खाती. संशोधनाची आवड असेल तर गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा देऊन डीआरडीओ, त्याच्या आपल्याकडच्या प्रयोगशाळा म्हणजे पुण्यात पाषाणला एआरडीई आहे जिथं पिनाका रॉकेट सिस्टीम झाली, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आरअँडडीई, अहिल्यानगरला व्हीआरडीई, अंबरनाथला एनएमआरएल, आणि डीआरडीओचे प्रमुख हे स्वतः सचिव दर्जाचे असतात. एसएससी सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेतून आर्म्ड फोर्सेस हेडक्वार्टर्समध्ये असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं, 44,900 बेसिकवर, वर चढायला वेळ लागतो पण दिल्लीच्या फायली कशा फिरतात हे त्या लोकांइतकं कुणालाच कळत नाही. वडिलांच्या काळचा ऑर्डनन्स फॅक्टरीचा दरवाजा मात्र आता पूर्वीसारखा राहिला नाही, 1 ऑक्टोबर 2021 ला बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात आहे, तिथली भरती आता कंपनीच्या पद्धतीनं बघायची.

आता फॉर्मबद्दल, कारण इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं. सर्व्हिस प्रेफरन्स भरताना पोरं सीनियरची लिस्ट कॉपी करतात. मीही तेच केलं होतं, दोन्ही वेळा, आणि आज त्याचं वाईट वाटतं कारण तेव्हा मला कुणी विचारलं असतं की दहावी कुठली टाकलीस तर सांगता आलं नसतं. तुम्ही काय करा, प्रत्येक सर्व्हिसपुढं तीन गोष्टी लिहा, पहिलं पोस्टिंग कुठं आणि काम काय, पंधरा वर्षांनी काय, शेवटची पोस्ट कुठली. एक संध्याकाळ लागते याला. संरक्षण ही खरंच आवड असेल तर आयएएसनंतर आयडीएएस आणि आयडीईएस मुद्दाम वर घ्या, आणि मग इंटरव्ह्यूत ते का घेतलं हे सांगता आलं पाहिजे. माझ्या मॉकमध्ये मी हमखास विचारतो की संरक्षण बजेटच्या डिमांड, म्हणजे संसदेपुढं मांडायच्या खर्चाच्या मागण्या, किती असतात. चार असतात, मंत्रालयाची सिव्हिल, सैन्याचा महसुली खर्च, भांडवली खर्च, पेन्शन. शंभरात पाच जण सांगतात. राफेलबद्दल मात्र सगळे बोलतात.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. मराठीतून मेन्स देता येते, मराठी साहित्य ऑप्शनल घेता येतं, इंटरव्ह्यू मराठीत देता येतो. पण लागल्यावर नोटिंग, म्हणजे फाईलवरची टिपणं, इंग्रजीत आणि हिंदीत करायचं असतं हे लक्षात ठेवा आणि रोज एक पान इंग्रजीत थोडक्यात लिहायची सवय आत्तापासून लावा. फुलवून लिहायची गरज नाही. काय मागितलंय, नियम काय सांगतो, पैसे आहेत का, आधी असं केलंय का, माझं मत काय. या पाच ओळी ज्याला लिहिता येतात त्याची नोट वरपर्यंत न अडकता जाते.

नोटिंगचं एवढं का सांगतोय ते खरेदीच्या फाईलचा प्रवास बघितला की कळेल. सैन्याला एखादी तोफ पाहिजे. सर्व्हिस हेडक्वार्टर आधी स्टेटमेंट ऑफ केस बनवतं, का पाहिजे, किती, कधीपर्यंत. मग वेगवेगळ्या कमिट्यांतून ते डिफेन्स ॲक्विझिशन कौन्सिलपुढं जातं, तिथं संरक्षणमंत्री अध्यक्ष असतात, तिथं एओएन मिळतो, म्हणजे गरज मान्य झाली. अजून एक रुपया खर्च झालेला नाही हं, पेपरमध्ये हेडिंग येतं की इतक्या कोटींची खरेदी मंजूर, पण ही फक्त सुरुवात असते, त्यामुळं एओएन आणि करार यातला फरक पाठच करून ठेवा. पुढं आरएफपी, म्हणजे कंपन्यांकडून प्रस्ताव मागवणारा कागद निघतो, कंपन्या बोली देतात, आधी फक्त टेक्निकल बोली उघडतात, मग ट्रायल, वाळवंटात, उंचीवर, थंडीत. मग स्टाफ इव्हॅल्युएशन, म्हणजे ट्रायलच्या निकालाची तपासणी. मग पैशाच्या बोली उघडतात, सगळ्यात कमी तो एल-वन, त्याच्याशी वाटाघाटीची कमिटी बसते, मग रकमेप्रमाणं मंजुरी, फार मोठी असेल तर पंतप्रधान ज्याचे अध्यक्ष असतात त्या सुरक्षाविषयक कॅबिनेट कमिटीकडं, आणि मग करार. हे सगळं डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसिजर 2020 नावाच्या जाडजूड नियमावलीप्रमाणं चालतं, नेटवर फुकट आहे, निदान पहिली दोन प्रकरणं वाचा.

या प्रवासात मंत्रालयाच्या ॲक्विझिशन विंगमध्ये तीन माणसं एकत्र बसतात, एक ॲक्विझिशन मॅनेजर जो जॉइंट सेक्रेटरी असतो, एक टेक्निकल मॅनेजर जे वर्दीतले मोठे अधिकारी, आणि एक फायनान्स मॅनेजर. मला विचाराल तर सिव्हिलियन अधिकाऱ्याच्या करिअरमधली सगळ्यात कसोटीची जागा ती ही. घाई केली तर उद्या कॅगचा रिपोर्ट, चौकशी, बोफोर्सचं नाव चाळीस वर्षांनंतरही निघतंय. उशीर केला तर सैनिकाच्या हातात जुनं हत्यार. म्हणून बरेच जण काय करतात, निर्णयच घेत नाहीत, क्वेरी काढून फाईल परत पाठवतात, कारण उशिरासाठी कुणाला नोटीस येत नाही. तुम्ही असं करायचं नसेल तर एकच उपाय आहे, नियमावली वकिलासारखी पाठ पाहिजे आणि आपल्या निर्णयाचं कारण फाईलवर स्वच्छ शब्दांत लिहिलेलं पाहिजे. ज्याची कारणं लिहिलेली असतात त्याला दहा वर्षांनी चौकशीत बोलावलं तरी झोप लागते.

वर्दीवाल्यांशी वागणं हा स्वतंत्र विषय आहे. तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे असता आणि समोर ब्रिगेडियर येऊन बसतात, ज्यांची तीस वर्षं सीमेवर गेलेली असतात. उभं राहून नमस्कार करा, चहा सांगा, आणि मग नियमाप्रमाणं जे बोलायचं ते बोला. मान दिल्यानं अधिकार कमी होत नाही. त्यांची भाषा शिका, ब्रिगेड म्हणजे किती माणसं, कोअर, म्हणजे त्याहून खूप मोठी तुकडी, कुठली कुठं, एलसी (पाकिस्तानकडची नियंत्रण रेषा) आणि एलएसी (चीनकडची) वेगळ्या. आयएएसच्या ट्रेनिंगमध्ये भारत दर्शनात आर्मी अटॅचमेंट असतं, काही पोरं तिथं फोटो काढून येतात, तुम्ही तिथं जेसीओंशी, म्हणजे सुभेदार वगैरे मंडळींशी बोला. पुढं जॉइंट सेक्रेटरीच्या लेव्हलला दिल्लीच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजला जायची संधी येते, 1960 पासून चालू आहे, 47 आठवड्यांचा कोर्स, ब्रिगेडियर आणि सिव्हिलियन एकाच वर्गात. बरेच जण पोस्टिंग जाईल म्हणून टाळतात. टाळू नका, तिथले वर्गमित्र पुढं तिन्ही दलांत वर जातात आणि अडल्या वेळी एक फोन पुरतो.

आपल्या मराठी माणसांत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे राम प्रधान. 1952 च्या बॅचचे, मुंबई राज्याचे आयएएस. नोव्हेंबर 1962 ला चीनशी युद्धात मार खाल्ल्यावर नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेत ऐकतो, पण सह्याद्रीबरोबर हा दहा वर्षं नोकरी झालेला तरुण अधिकारीही गेला, संरक्षणमंत्र्यांचा खाजगी सचिव म्हणून. विचार करा, सैन्याचं मनोधैर्य खचलेलं, डिफेन्स प्रॉडक्शनचा विभाग त्याच महिन्यात नवा झालेला, पुढं 1965 चं युद्ध समोर येणार. त्या खोलीत बसून ते शिकले. पुढं केंद्रीय गृहसचिव झाले, आसाम आणि मिझोराम करार त्यांच्या काळातले, आणि 26/11 नंतर मुंबई पोलिसांच्या कामाची तपासणी करायला सरकारनं ऐंशीच्या घरातल्या याच माणसाला बोलावलं, ती प्रधान समिती.

दुसरे के. सुब्रह्मण्यम. 1951 चे आयएएस, संरक्षण मंत्रालयात डेप्युटी सेक्रेटरी म्हणून आले आणि विषय असा धरला की सोडलाच नाही, आयडीएसए ही संरक्षणविषयक अभ्यासाची संस्था वाढवली, डिफेन्स प्रॉडक्शनचे सचिव झाले, आणि कारगिलनंतरच्या समितीचे अध्यक्ष. त्या रिपोर्टवरून मंत्रिगट बसला, त्यांनी 2001 मध्ये चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ नेमा म्हणून सांगितलं, आणि पहिले चीफ पदावर आले 2020 च्या पहिल्या दिवशी. एकोणीस वर्षं. ज्याला या खात्यात यायचंय त्यानं हा आकडा लक्षात ठेवावा, आपण लावलेलं झाड आपल्या नोकरीत फळेलच असं नाही. सुब्रह्मण्यम यांनी 1999 मध्ये पद्मभूषण नाकारलं होतं, सरकारी अधिकाऱ्यानं आणि पत्रकारानं सरकारी सन्मान घेऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं. असा ताठ कणा मला फार मोठा वाटतो.

आणि शेखर दत्त हे वेगळंच उदाहरण, ते आधी लष्करात होते, 1971 च्या युद्धात सेना मेडल मिळालं, मग आयएएस झाले आणि 2005 ला संरक्षण सचिव. म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे सैन्यात ठरावीक वर्षांची नोकरी, करून आलेल्यांनी आपली वर्षं वाया गेली असं मानायचं कारण नाही.

पथ्यं पण सांगून ठेवतो, कारण करिअर कामानं चढतं आणि एका चुकीनं बसतं. 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आजही लागू आहे. काय काम करतोस हे लग्नाच्या पंगतीत सांगायचं नाही, पोस्टिंगचे, युनिटचे फोटो टाकायचे नाहीत. मालमत्तेचं विवरण दर वर्षी 31 जानेवारीच्या आत भरायचं, हे न भरल्यामुळं व्हिजिलन्स क्लिअरन्स अडकतो आणि प्रमोशन थांबतं. कंपनीवाला ओळखीचा असेल तर भेट ऑफिसात, दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर, आणि फाईलवर नोंद. नातेवाइकाचा डिफेन्स सप्लायचा धंदा असेल तर लेखी कळवा. रिटायर झाल्यावरही एक वर्ष खाजगी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते. पैशाबद्दल बोलायचं तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणं सुरुवात 56,100 बेसिक आणि सचिवाला 2,25,000, वर डीए, घर. यात श्रीमंत होता येत नाही, ज्यांना व्हायचंय त्यांनी दुसरीकडं जावं, हे मी मनापासून सांगतो.

भाचीला मी आत्तासाठी तीन कामं दिलीत. ग्रॅज्युएशनला काहीही घे, पण अर्थशास्त्र आणि हिशोब यांची भीती घालवायची, एक फेब्रुवारीला बजेट आलं की संरक्षणाचे चार आकडे वहीत उतरवायचे, मागच्या वर्षीचे शेजारी. दुसरं, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे रिपोर्ट वाचायचे, क्लासच्या नोट्स नंतर, कारण त्यात खासदार प्रश्न विचारतात आणि मंत्रालय उत्तर देतं, सिव्हिलियन अधिकाऱ्याची नोकरी नक्की कशी असते हे तिथं दिसतं. तिसरं, सुट्टीत साताऱ्याला अपशिंगे मिलिटरीला जायचं, जिथं घरोघरी फौजी आहेत, आणि एखाद्या आजीची स्पर्शवरची पेन्शन अडली असेल तर ती का अडली हे कागद बघून शोधायचं. नाव चुकलंय, जन्मतारीख जुळत नाही, आधारवर वेगळं आडनाव, असलंच काहीतरी असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर जायचं आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करायचा.

दिवाळीच्या सुट्टीचं ठरलंय. स्वारगेटहून सकाळच्या सातारा एसटीनं आम्ही दोघं निघणार आहोत, तिनं वही आत्ताच घेऊन ठेवलीय.